फरशीवरची बाग

रो-हाउसपुढची दहा बाय पंधरा फुटांची जागा. तिच्यावर शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक, एका कोपऱ्यात स्कूटर, वर कपडे वाळत घालायची तार आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून रांगेत मांडलेल्या पंधरा-वीस कुंड्या. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा कुठल्याही शहराच्या कडेला वसलेल्या वसाहतीत हे अंगण सापडतं. श्रावणात ते हिरवंगार असतं, दिवाळीत शेवंतीनं भरलेलं असतं आणि मे महिना उजाडेपर्यंत निम्म्या कुंड्यांत वाळक्या काटक्या उरतात. मग ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं म्हणत जूनमध्ये नर्सरीतून नवी रोपं आणली जातात.

हाताला दोष देण्याचं कारण नाही. जमिनीत लावलेलं झाड आणि फरशीवर ठेवलेल्या कुंडीतलं झाड यांची परिस्थितीच वेगळी असते. जमीन झाडासाठी न सांगता बरीच कामं करत असते. जादा पाणी ती खाली ओढून घेते आणि वरचा थर सुकला की खालची ओल पुन्हा वर चढवते. वैशाखातही फूटभर खाली ती गारच असते. गांडुळं, बुरशी आणि जिवाणू तिथे सतत अन्न शिजवत असतात आणि मुळांना हवं तिकडे जायची मुभा असते. कुंडी फरशीवर ठेवली की ही सगळी कामं एकदम बंद पडतात. ती आता बाग करणाऱ्यानं करायची असतात आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे मुळांना हवा मिळत ठेवणं. कुंड्यांतली बरीच झाडं तहानेनं मेली असं आपल्याला वाटतं, पण ती गुदमरून मेलेली असतात.

तळाशी अडलेलं पाणी

कुंडीला खाली भोक असलं की जादा पाणी निघून जातं, ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला घरातला एक जाड, आयताकृती स्पंज पुरेसा आहे. तो पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि न पिळता, आडवा, तळहातावर सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज अलगद उभा करा. पुन्हा धार लागेल आणि चांगलं पेलाभर पाणी खाली येईल.

स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. बारीक छिद्रांमधलं पाणी केशाकर्षणानं धरून ठेवलेलं असतं आणि गुरुत्वाकर्षण ते खाली खेचत असतं. या ओढाताणीत तळाशी ठरावीक जाडीचा एक थर पाण्यानं तुडुंब भरलेलाच राहतो. ही जाडी छिद्रं किती बारीक आहेत यावर ठरते, भांड्याच्या उंचीशी तिचा संबंध नसतो. आडव्या स्पंजाची बरीचशी जाडी त्या थरातच जाते. उभ्या स्पंजात तो थर फक्त तळाच्या अरुंद भागापुरता उरतो.

कुंडीत नेमकं हेच होतं. एखाद्या मातीत हा थर पाच सेंटिमीटरचा असेल, तर पंधरा सेंटिमीटर खोल कुंडीचा एक तृतीयांश भाग पाणी दिल्यावर बराच काळ चिखलच असतो. तीच माती तीस सेंटिमीटर खोल कुंडीत भरली तर चिखलाचा वाटा एक षष्ठांशावर येतो. मुळं श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगानं पसरतो त्यापेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून त्या थरातली मुळं कुजतात. मुळं कुजली की पाणी असूनही ते वर जात नाही आणि पानं माना टाकतात. ते पाहून घरातलं कुणीतरी आणखी एक तांब्या ओततं.

यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर. तो उपयोगाचा नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब झाल्यावरच ते पुढे सरकतं. म्हणजे खडी घातल्यानं चिखलाचा थर नाहीसा होत नाही, तो तितकाच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवावा, एवढंच पुरे.

खरे उपाय तीन. माती भरड ठेवायची, कुंडी खोल घ्यायची आणि कुंडी फरशीला चिकटू द्यायची नाही. कुंडी जमिनीवर ठेवलेली असेल तर भोकातली ओली माती खालच्या मातीला टेकते आणि जमीन ते पाणी ओढून घेते. गुळगुळीत फरशीवर हे घडत नाही. उलट सपाट बुडाची कुंडी तिच्यावर इतकी घट्ट बसते की भोकंच बंद होतात. विटांच्या तीन तुकड्यांवर कुंडी बोटभर उचलून ठेवली की भोक मोकळं राहतं, खालून वारा खेळतो, फरशीवर डाग पडत नाहीत आणि गोगलगायींना लपायला कायमची ओली जागा मिळत नाही. कुंडी उथळच घ्यावी लागली, तर माती भरण्यापूर्वी भोकातून जाड सुती दोरीचा तुकडा ओवावा. अर्धा आत मातीत, अर्धा बाहेर लोंबता. वातीसारखी ती दोरी अडलेलं पाणी खाली ओढते.

मातीपेक्षा पोकळी

शेतकरी वाफशाची वाट पाहतो. जमीन ओली तर आहे, पण मातीच्या कणांमध्ये हवाही आहे, अशी ती अवस्था. कुंडीत वर्षभर वाफसा टिकवता येणं म्हणजेच कुंडी चांगली भरता येणं.

शेतातली उत्तम माती कुंडीत उत्तम ठरेलच असं नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली काळी माती कपाशीला आणि ज्वारीला मानवते ती तिच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतात त्यामुळे भेगा पडतात. कुंडीत सगळा गोळा आक्रसून कडांपासून सुटतो. अशा कुंडीत पाणी ओतलं तर ते कडेच्या फटीतून थेट खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भरपूर भिजली, पण मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो. असं झालं असेल तर कुंडी तासभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी. चिकणमातीत थोडी बारीक वाळू मिसळली की काम भागेल असं अनेकांना वाटतं. त्यानं मिश्रण आणखी घट्ट बसतं.

बहुतेक झाडांना चालणारं मिश्रण सोपं आहे. एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, आणि त्यात भाताचं तूस किंवा विटांचा भरड चुरा मूठ-मूठ. खत कुजलं आहे की नाही हे नाकाला कळतं. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा यावा, शेणाचा किंवा अमोनियाचा नको. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं तपकिरी पाणी ओतून द्यावं आणि पुन्हा एक-दोनदा धुवावं, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. मिश्रण तयार झालं की मूठभर ओलं करून दाबून पाहावं. लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारताच तो फुटलाही पाहिजे. वळलाच नाही तर पाणी टिकणार नाही, फुटला नाही तर हवा टिकणार नाही.

मातीचा हट्ट सोडण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांना पालापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करायला शिकवलं. किती जमीन आहे यापेक्षा किती ऊन पकडता येतं याचा हिशेब करा, असं त्यांचं सांगणं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचा रस काढल्यावर उरणारी चिपाडं वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या. या सगळ्यांत माती थोडी आणि कुजणारा पालापाचोळा भरपूर. पालापाचोळा हलका असतो आणि पोकळी देतो. मात्र तो कुजत कुजत खाली बसतो. पावसाळा संपला की कुंडी चार-पाच बोटं रिकामी दिसते. माती कुठे गेली, असं विचारण्याची ती वेळ नसते. वर कंपोस्टची भर घालण्याची असते.

कुंड्या थोड्या, पण मोठ्या

अंगणात वीस लहान कुंड्या ठेवाव्यात की पाच मोठ्या? नर्सरीवाला वीस म्हणेल, भूमिती पाच म्हणेल. कुंडीची उंची आणि रुंदी दुप्पट केली की तिच्यात माती आठपट मावते, पण उन्हात तापणाऱ्या आणि वाफ गमावणाऱ्या तिच्या कडा चौपटच वाढतात. म्हणजे मोठ्या कुंडीतली माती सावकाश तापते आणि सावकाश सुकते. एप्रिलमध्ये सहा इंची कुंडी सकाळी भरली तरी संध्याकाळी कोरडी असते. बारा इंची कुंडीला दिवस निभावता येतो. अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमाला दोन दिवसही निघतात.

इथे अंगणाला गच्चीपेक्षा मोठा फायदा आहे. लोकांचा वावर असलेली गच्ची बांधताना साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो वापराचा भार धरलेला असतो. दोनशे लिटरच्या ड्रमाचा अर्धा भाग ओल्या मातीनं भरला तर तो एकटाच सव्वाशे-दीडशे किलो भरतो आणि तेही पाव चौरस मीटर जागेवर. गच्चीवर त्यासाठी तुळई कुठे आहे ते शोधावं लागतं. जमिनीवर घट्ट बसवलेल्या फरशीला त्याची फिकीर नसते. अंगण असून सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंड्यांत झाडं लावणं म्हणजे हाती असलेला फायदा सोडून देणं.

माप म्हणून इतकं लक्षात ठेवलं तरी चालेल. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा ते आठ इंच खोली पुरते, रुंदी मात्र जास्त हवी. मासळीचे थर्माकोलचे खोके किंवा जुनी टोपली यासाठी छान. मिरचीला दहा-बारा लिटर, टोमॅटो आणि वांग्याला पंधरा ते वीस लिटर. रंगाची वीस लिटरची बादली यात बसते. दुधी, दोडका, कारलं यांना चाळीसच्या पुढे. कडीपत्ता, कागदी लिंबू, सोनचाफा यांना अर्धा ड्रमच द्यावा.

वाड्याच्या किंवा कोकणातल्या घराच्या अंगणातलं तुळशीवृंदावन याच नजरेनं पाहावं. तीही एक कुंडीच आहे, पण उंच आहे, म्हणून तिच्यात चिखल तळालाच राहतो. भिंती जाड आहेत, म्हणून आतली माती लवकर तापत नाही. आणि ती भिंतीला चिकटवून ठेवलेली नसून अंगणाच्या मध्यावर, भरपूर उन्हात आहे.

फरशीचा ताप

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अनवाणी अंगणात उतरून पाहिलं तर फरशी काय करते ते तळव्यांना कळतं. दिवसभर शोषलेली उष्णता ती संध्याकाळनंतरही सोडत राहते. कंपाउंडची पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत त्यात भर घालते. वरून ऊन, खालून फरशी, मागून भिंत, अशा तिहेरी तापात कुंडीतल्या मातीचं तापमान हवेच्या वर जातं. सर्वांत जास्त झळ पोचते ती पश्चिमेकडच्या कडेला, आणि कुंडीतली बहुतेक कोवळी मुळं कडेलाच गोळा झालेली असतात. काळ्या ग्रो बॅग आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या यात सर्वांत वाईट.

भाजलेल्या मातीची कुंडी इथे स्वतःची काळजी घेते. तिच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि माठातलं पाणी जसं गार होतं तशी आतली माती गार राहते. त्याची किंमत म्हणजे पाणी जास्त लागतं. प्लॅस्टिकची कुंडी पाणी वाचवते, पण तापते. ज्यांच्याकडे पाण्याचा नळ हाताशी आहे आणि रोज अंगणात येणं होतं त्यांनी मातीची घ्यावी. जे सकाळी आठला निघून रात्री येतात त्यांना फिकट रंगाची मोठी प्लॅस्टिकची बरी.

काहीही खर्च न करता करता येणारी गोष्ट म्हणजे मांडणी बदलणं. भिंतीकडेची एकेरी रांग मोडायची. कुंड्यांचा घोळका करायचा. मोठ्या आणि जाड कुंड्या पश्चिमेला, लहान त्यांच्या आडोशाला. झाडं एकमेकांच्या कुंड्यांवर सावली धरतात आणि पानांतून निघालेली वाफ घोळक्यात थोडी अडते. पश्चिमेकडच्या कुंड्यांना बाहेरून चुना फासला तरी फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये वर पन्नास टक्क्यांची शेडनेट ताणावी आणि मातीवर दोन इंच उसाचं पाचट, सुकी पानं किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. उघडी माती ही मे महिन्यातली चैन आहे.

दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळतात, त्यासाठी खतांच्या पुड्या आणण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत तांदुळजा, माठ, अंबाडी लावावी.

भिंतीची सावली कुठे पडते

लहान अंगणात ऊन मोजून मिळतं आणि वर्षभर त्याची जागा बदलत राहते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. दक्षिणेला कंपाउंडची सहा फुटी भिंत असेल तर भर दुपारीही तिची सावली साडेपाच फूट आत येते. दहा फुटांच्या अंगणाचा निम्म्याहून अधिक भाग हिवाळ्यात सावलीत जातो तो असा. मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात काळोखा वाटणाऱ्या कोपऱ्यात उन्हाळ्यात आग ओतते ती यामुळे.

त्यामुळे झाडाची जागा ठरवण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावलीच्या कडेवर खडूनं रेघ ओढावी. फरशीचा हा एक उपयोग आहे. सहा तास थेट ऊन जिथे पडतं तिथे टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा. तीन-चार तास ऊन असेल तिथे मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. त्याहून कमी असेल तिथे अळू, ब्राह्मी, पानओवा. सावलीत लावलेला मोगरा मरत नाही, फक्त पानं देत राहतो, आणि घरचे वर्षानुवर्षं खत बदलून पाहतात.

पाणी: किती आणि केव्हा

‘रोज एक तांब्या’ हा नियम कुठल्याच झाडाला लागू पडत नाही. वीस लिटरच्या कुंडीतला फळावर आलेला टोमॅटो एप्रिलमध्ये दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज पितो. त्याच्याच शेजारच्या कोरफडीला आठवडाभर काही नको असतं. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं. ओल लागली तर पाणी नको. लहान कुंडी उचलून पाहिली तर वजनावरूनही कळतं, आणि काही दिवसांत हाताला ते माप बसतं.

द्यायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावं, सकाळी द्यावं आणि दोन फेऱ्यांत द्यावं. पहिली फेरी माती ओली करते, दुसरी मुरते. वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं आणि मुळंही तिथेच वर येऊन बसतात. बोअरच्या जड पाण्यानं कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर चढतो. तो क्षारांचा असतो. महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून तो धुऊन काढावा. पाइपनं पाणी घालत असाल तर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत काढा, ते हाताला चटका देण्याइतकं गरम असतं.

गावाला जायचं असेल तर मोठ्या कुंडीत एक लहानसं पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत पुरावं आणि पाण्यानं भरून झाकण ठेवावं. माती सुकेल तसं ते झिरपत राहतं. हे मटका सिंचन कोरडवाहू भागात फळझाडांसाठी वापरतात. कुंड्यांखालच्या बशा मात्र मृग लागला की उचलून ठेवायच्या. साचलेल्या पाण्यात डेंगी पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. कोकणात तर जून ते सप्टेंबर कुंडीला पाणी घालणं नव्हे, पाण्यापासून वाचवणं हेच काम. गुलाब, शेवंती, कोरफड पत्र्याच्या पागोळीखालून हलवावीत. अळू मात्र त्याच पागोळीखाली ठेवावं. त्याला पाय पाण्यात असलेले आवडतात, म्हणून तर पूर्वी ते मोरीच्या सांडपाण्यावर लावत.

वाहून जाणारं अन्न

पाणी भोकातून बाहेर पडतं तेव्हा रिकाम्या हातानं जात नाही. त्यात विरघळलेलं नत्र आणि पालाश घेऊन जातं. जमिनीत ते खालच्या थरात उतरतं आणि खोल गेलेली मुळं त्यातलं काही परत मिळवतात. फरशीवर ते नालीत जातं. म्हणून कुंडीतलं झाड वर्षातून एकदा भरपेट जेवून भागवू शकत नाही. त्याला दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं लागतं. बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि महिन्यातून एकदा चमचा-दोन चमचे निंबोळी पेंड, एवढ्यावर घरगुती भाज्या नीट येतात. खत बुंध्याशी न घालता कडेनं, माती हलवून घालावं. चहाचा चोथा साखर धुऊन घालावा, नाहीतर मुंग्या आधी येतात. चुलीची राख अल्कधर्मी असते, चिमूटभरच.

पानं काय सांगतात तेही वाचता येतं. जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडू लागली तर बहुधा नत्र कमी. नवी, वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या पाण्यावर वाढलेल्या लिंबात हे नेहमी दिसतं. पण खताचा डबा उघडण्यापूर्वी बोट मातीत घालावं. वर-खाली सगळंच पिवळं आणि माती चिप्प ओली असेल तर झाडाला भूक नाही, हवा हवी आहे.

कुंडी उलटी करून पाहा

दोन-तीन वर्षं एकाच कुंडीत असलेलं जास्वंदीचं किंवा मोगऱ्याचं झाड अचानक रुसल्यासारखं वागू लागतं. पाणी घातलं तर लगेच बाहेर येतं, फुलं लहान होतात, दुपारी पानं मान टाकतात. कारण वरून दिसत नाही. पावसाची एखादी सर येऊन गेली की कुंडी आडवी करा, कडेवर चारी बाजूंनी थापट्या मारा आणि बुंधा धरून गोळा बाहेर ओढा. माती जवळजवळ दिसणारच नाही. कुंडीच्या आकाराचा, पांढऱ्या-तपकिरी मुळांचा एक घट्ट विणलेला साचा हातात येईल. तळाशी मुळांनी गोल गोल फिरून चुंबळ केलेली असेल. मुळं वाढत गेली, कडेला आपटली, वळली आणि वळतच राहिली. त्यांच्यामधली पोकळी संपली आणि तिच्याबरोबर पाणी आणि हवाही.

धारदार सुरीनं तळाची चुंबळ कापून टाका, कडांची इंचभर मुळं सोलून काढा, उरलेल्या गोळ्यावर दोन-तीन उभ्या चिरा द्या. कुंडी धुऊन ताज्या मिश्रणानं भरा आणि झाड परत त्याच खोलीवर बसवा. मुळं जितकी कापली त्या प्रमाणात वरच्या फांद्याही छाटा. आठवडाभर सावलीत ठेवा. आषाढाच्या दमट हवेत झाड हा घाव सहज सोसतं. हेच काम चैत्रात केलं तर झाड जाईल.

एक फरशी कमी

इतकं सगळं वाचल्यावर एक प्रश्न मनात यायला हवा. कुंडीत जे जे आपण कष्टानं करतो ते सगळं जमीन फुकट करते, आणि ती तर फरशीच्या चार बोटं खालीच आहे. मग फरशी कशासाठी?

त्याला उत्तर आहे. पाय चिखलात नकोत, स्कूटर उभी राहायला हवी, झाडायला सोपं हवं. पण त्यासाठी सगळं अंगण झाकायची गरज नसते. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा बाय पंधराच्या अंगणावर तो साडेनऊ हजार लिटरांच्या वर भरतो, म्हणजे पाचशे लिटरच्या जवळजवळ वीस टाक्या. अखंड फरशीवरून त्यातलं बहुतेक पाणी गटारात जातं, आणि मार्चपासून आपण त्याच अंगणात बादल्या वाहू लागतो.

घर स्वतःचं असेल तर अंगणाच्या उतारावर, भिंतीच्या पायापासून चार-पाच फूट दूर, दोन बाय दोनची एक फरशी काढावी. खालून ड्रेनेजचा किंवा पाण्याचा पाइप जात नाही ना, हे आधी पाहावं. तिच्याखालचा मुरूम आणि सिमेंटचा माल दोन फूट खोल खणून काढावा, कुजलेलं खत आणि चांगली माती भरावी आणि तिथे कडीपत्ता किंवा लिंबू लावावं. पहिली दोन वर्षं त्याला पाणी घालावं लागेल. मुळं खाली उतरली की त्याची काळजी जमीन घेईल, आणि दुपारी त्याचीच सावली आजूबाजूच्या कुंड्यांना मिळेल. उतारानं येणारं पावसाचं पाणीही तिथेच मुरेल.

भाड्याच्या घरात हे जमणार नाही. तिथे अर्धा ड्रम, खालून विटा, भरड माती आणि पश्चिमेला आडोसा, यावर भागवावं. पण स्वतःचं अंगण नव्यानं बांधून घेणाऱ्यांनी गवंड्याला आधीच सांगून ठेवावं: भिंतीलगतच्या कुंड्यांचा कट्टा राहू दे, अंगणात मधोमध दोन चौकोन उघडे सोड. फरशी बसवल्यानंतर ती फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.